बिनतनख्याच्या सामुराईची वाटणी

मी ओकुसावा जिनपेई, इगा प्रांतातल्या कुरिदानी गावचा, वय बहात्तर, शुद्धीवर असताना आणि कोणी दटावलेले नसताना माझ्यामागे काय कोणाचे हे लिहून ठेवतो. मी शुद्धीवर आहे की नाही हे पाहण्यासाठी देवळातल्या र्योनेन गुरुजींनी मला हे वर्ष कोणते, मुलीचे नाव काय आणि सकाळी काय खाल्ले असे विचारले. वर्ष आणि नाव बरोबर सांगितले. खाल्ली होती जवाची पेज, सांगितला भात. गुरुजी हसून म्हणाले, "एवढी लाज शिल्लक आहे, म्हणजे शुद्ध शाबूत आहे."

अक्षरे मला थोडी येतात. लहानपणी दोन हिवाळे देवळात शिकलो, त्यातला एक खोकण्यात गेला. तेव्हा चुकले-माकले सांभाळून घ्यावे, पण अर्थ बदलू नये. अर्थ बदलतील अशी मला भीती आहे. छपरातून पाणी पडून शाई पसरेल अशीही भीती आहे, म्हणून हा कागद तेल लावलेल्या कापडात गुंडाळून ठेवावा.

कलम पहिले, माझा देह. मला माझी बायको ओमिने हिच्या शेजारी पुरावे, पण उताराच्या वरच्या अंगाला नको. पावसाळ्यात तिथली माती सरकते. मी सरकून तिच्या अंगावर गेलो तर ती मेल्यावरसुद्धा मला सोडणार नाही. पुरताना किल्ल्याच्या गावाहून भिक्षू बोलावू नयेत, र्योनेन गुरुजी पुरेत. ते सूर चुकतात, पण लवकर आटोपतात.

कलम दुसरे, तलवारी. माझ्याकडे एक लांब तलवार, एक आखूड तलवार आणि एक नांगर आहे. किल्ल्याच्या गावातल्या लोकांना एकाच माणसाकडे ही तिन्ही कशी हे कळत नाही, आणि पुढे माझ्या वारसांनाही कळणार नाही, म्हणून लिहितो.

माझ्या आजोबांच्या काळी इगामध्ये कोणी एक धनी नव्हता. दर टेकाडावर मातीचा बांध घातलेली एक गढी, आणि गढीत एक सामुराई घर, जे आपला भात आपण लावायचे. गढ्या इतक्या जवळ की एकीत मासा भाजला तर दुसरीतले मांजर उठायचे. बांधावरून, पाण्यावरून रोज भांडणे. पण बाहेरचा कोणी चालून आला की सगळे देवळात जमत, बोटाच्या रक्ताचे ठसे उमटवून शपथ घेत आणि एक होत. साध्या शेतकऱ्याने शत्रूचा किल्ला घेतला तर त्यालाही सामुराई करावे, असे त्यांनी आपसात ठरवून लिहिले होते.

एवढ्याशा घरांना घोडदळ कुठून परवडणार? म्हणून ती घरे जे शिकता येईल ते शिकली. न दिसता आत शिरायचे, ऐकायचे, जमले तर आग लावायची आणि बाहेर यायचे. हे काम करणारा तो शिनोबी. आसपासचे बडे सरदार तांदूळ देऊन आमच्या लोकांना न्यायचे. पण शिनोबी म्हणून कोणी वेगळी जात नव्हती. माणूस एरवी शेतकरी असतो आणि गावात लग्न निघाले की आचारी होतो, तसे आजोबा एरवी सामुराई होते आणि काम निघाले की शिनोबी. आज किल्ल्यातली पोरे सामुराई म्हणजे सोने आणि शिनोबी म्हणजे चोर असे बोलतात, त्यांनी हे वाचावे. वाचणार नाहीत ते.

पुढे ओदा सरदारांच्या फौजा सगळ्या खिंडींतून एकदम उतरल्या आणि गढ्या जळाल्या. माझे वडील पाठीवरच्या टोपलीतून निसटले, म्हणून मी आहे. मग नवे धनी आले, किल्ला उभा राहिला आणि आमची दोन कुळे झाली. ज्यांना किल्ल्यातून तांदळाचा तनखा मिळतो ते सामुराई. उरलेले आम्ही मुसोकुनिन. आम्हाला तलवार आहे, आडनाव आहे, फक्त तनखा नाही. लावणीच्या दिवसांत मी तलवारी बांधावर ठेवतो. एकदा लांब तलवारीच्या मुठीवर बेडूक बसला होता आणि कितीही हाकलले तरी उठेना.

तलवारी कोणाला, ते पुढे येईल. मला घाई करू नये.

कलम तिसरे, हत्यारे. आकड्याचा दोर, कुलपाच्या सळया, बोटाएवढी करवत, विस्तव न्यायचे तांब्याचे नळकांडे, हे सगळे माझी मुलगी ओतोसे हिचे. दोर विहिरीला चांगला आहे. गावातली पोरे ज्या लोखंडी पात्याला जादूचे हत्यार समजतात ती भिंत उकरायची खुरपी आहे, तिने शेतातले मुळे न तुटता निघतात. माझ्यामागे काळा पोशाख शोधत पेट्या उचकटू नयेत. काळा पोशाख नाही, कधी नव्हता. शेतातला निळा अंगरखाच आम्ही घालायचो. पाण्यावर चालायचे जोडेही शोधू नयेत. आजोबांना पोहतासुद्धा येत नव्हते.

कलम चौथे, शिडी. ती शेजारच्या गोहेईकडे आहे आणि ती आमची आहे. तो या कागदाचा साक्षीदार असल्याने आत्ता माझ्या खांद्यावरून वाचतो आहे आणि म्हणतो आहे, "जिनपेई, अरे मरताना तरी खरं लिही. ती शिडी माझ्या बापानं केली." शिडी त्याच्या बापाने केली हे खरे. आमच्यासाठी केली, हे तो गाळतो.

कलम पाचवे, माझा चुलतभाऊ कानोजो.

हे कलम मी पहिल्यांदा एका ओळीत लिहिले होते. ती ओळ अशी होती: "माझा मुलगा इसाकु याला कानोजोच्या घरी दत्तक देऊ नये, मी मेल्यावरही देऊ नये, त्याचे घर बुडाले तर बुडू द्यावे." ती आता खोडली आहे. का लिहिली आणि का खोडली हे सांगतो.

कानोजो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. एकाच गढीच्या जळक्या जोत्यावर आम्ही दोघे वाढलो. त्याला दात आधी आले, मिशा आधी आल्या, माझ्या आईने केलेल्या भाताच्या लाडवातला मोठा लाडू त्याला. "मोठा आहे तो," आई म्हणायची. मी बहात्तर वर्षे वाट पाहिली, पण तो लहान काही झाला नाही.

ओसाकाच्या लढाईत नव्या धन्यांनी आम्हा दोघांना एका कामावर पाठवले. शत्रूची एक तुकडी एका देवळात उतरली होती, ती किती आणि काय बेतात आहे ते काढायचे होते. आमच्या घरचा नियम असा की दोघांनी जावे, धाकट्याने आत शिरावे, थोरल्याने बाहेर थांबावे, आणि परत आल्यावर फक्त थोरल्याने बोलावे. धाकट्याचे नाव कुठे निघू नये. ज्याचे नाव कोणाला माहीत नाही तो पुन्हा आत जाऊ शकतो.

मी भर दुपारी शिरलो. रात्री सगळेच पहारा देत जागे असतात, जेवणानंतर कोणी नसते. पाठीवर गवती चपलांचा भारा घेतला आणि शिपायांना विकत आत फिरलो. भाले मोजले नाहीत, चुली पाहिल्या. उद्याच्या संध्याकाळपर्यंत पुरेल एवढा भात शिजवून ते पानांत बांधत होते. बसून राहणारी माणसे भात बांधत नाहीत. म्हणजे पहाटे निघणार. मी बाहेर आलो, बांबूच्या बेटात थांबलेल्या कानोजोला सांगितले आणि आम्ही परत निघालो.

वाटेत पहारेकऱ्याने आम्हाला पाहिले. मी शिकवल्याप्रमाणे केले. भातखाचरात उतरलो, चिखलात आडवा झालो आणि नाकापुरते वर राहिलो. कानोजोने शिकवल्याच्या नेमके उलटे केले. तो बांधावर उभा राहिला आणि ओरडला, "मी इगाचा ओकुसावा कानोजो! कोण येतो पुढे?" असे सामुराई ओरडतात. त्याने तो पहारेकरी पाडला, मांडीत भाल्याची जखम घेतली, त्याच्या पाठीवरचे निशाण उपटले आणि लंगडत छावणीत जाऊन बातमी सांगितली. छावणी पहाटेच्या तयारीला लागली.

मी त्याच रात्री उशिरा पोचलो, कारण नियमाप्रमाणे झाकड पडेपर्यंत हललो नव्हतो. तोवर बक्षिसांचा हिशेब चालू झाला होता. कारकुनाने मला विचारले, "तू कोण? कुठे होतास?"

"पाण्यात," मी म्हणालो.

सगळे हसले. कानोजोही हसला. जखम दाखवता येते, निशाण दाखवता येते, चूल पाहिलेली दाखवता येत नाही. त्याला तनखा मिळाला, किल्ल्यात जागा मिळाली. मला चिखलाने खोकला मिळाला, तो अजून आहे. नंतर मी त्याला विचारले, "माझं का नाही सांगितलंस?" तर म्हणाला, "नियमच आहे ना, धाकट्याचं नाव काढायचं नाही. आणि कोणी विचारलंही नाही रे."

मी इतका चांगला लपलो की मला आजवर कोणी शोधून काढले नाही. हेव्याने माणूस वाळतो म्हणतात. मी वाळलो नाही, मला तो मानवला. सकाळी उठले की आज कानोजो काय खात असेल याचा विचार करायचा आणि मग आपली पेज खायची, अशी सवय लागली. त्याच्या घरावर कौले असतील, आमच्यावर गवत. तो वाटेने निघाला की शेतकरी बाजूला होत असतील, माझ्यासाठी बैलसुद्धा होत नाही. ओमिने म्हणायची, "लग्न माझ्याशी झालंय की त्याच्याशी? दिवसभर त्याचंच नाव."

गेल्या वसंतात कानोजोचा एकुलता मुलगा तापाने गेला. मी दुखवट्याला गेलो नाही, गुडघा दुखतो म्हणून कळवले. गुडघा दुखत होता. आता कानोजो आजारी आहे आणि त्याला वारस नाही. पन्नाशी उलटलेल्या माणसाने शेवटच्या घटकेला दत्तक घेतलेला चालत नाही, हातपाय हलताहेत तोवर किल्ल्यात नोंदवावा लागतो. नाही तर तनखा बंद आणि घर संपले. आणि ओकुसावा रक्ताचा, लग्नाच्या वयाचा, तलवार धरता येणारा एकच पुरुष आहे. माझा इसाकु.

हे कळले त्या दिवशी मी भात खरोखरच शिजवायला सांगितला.

या महिन्याच्या सुरुवातीला कानोजो स्वतः आला. भाड्याच्या डोलीतून, खारवलेला मासा घेऊन. उंबऱ्याच्या आत येऊन बसताना त्याची मांडी वाकेना. ओतोसेने उशी दिली. मी बसल्या जागचा हललो नाही.

"जिन्या," तो म्हणाला, "मागायला आलोय."

"मागणारे वाकतात असं ऐकलंय."

तो वाकला. हात जमिनीला लावले.

"अजून खाली," मी म्हणालो.

"अजून खाली गेलो तर उचलायला तुझाच मुलगा लागेल. आणि तोच तर मागायला आलोय."

ओतोसे हसली. मला तेही आवडले नाही. मी म्हणालो, "मुलगा देणार नाही. तुझा तनखा तुझ्याबरोबर जाऊ दे. आयुष्यभर तू पुढे, मी मागे. आता एकदा मी पुढे."

त्याने बराच वेळ मासा उघडण्यात घालवला, जणू ते त्याचे काम होते. मग म्हणाला, "तू मला कधी भेटायला आला नाहीस म्हणून तुला माहीत नाही. मी कुठे बसतो ठाऊक आहे का? दाराजवळ. जोडे काढतात तिथे. किल्ल्यात मला कोणी नावानं बोलावत नाही, 'तो इगावाला' म्हणतात. मी नाव ओरडून सामुराई झालो, पण त्यांनी ते नाव ऐकलंच नाही. कोणाचा पंखा हरवला की सगळे आधी माझ्याकडे बघतात. मी खोलीत गेलो की बोलणं थांबतं."

"बरं झालं," मी म्हणालो.

"थांब, अजून आहे. मला कामं कुठली दिली? जमिनीखाली, फळ्यांच्या खाली पडून ऐकायचं की नोकर धन्याबद्दल काय बोलतात. तेच तुझं काम, जिन्या, फक्त आपल्याच लोकांवर. घरी बायको भांडायची नाही. इतकी वर्षं एकदाही नाही. मी भिंतीमागून ऐकत असेन म्हणून घाबरायची. आणि इथे मी जेव्हा जेव्हा यायचो, तेव्हा रस्त्यापासून तुझी ओमिने तुझ्यावर ओरडताना ऐकू यायची. परत जाताना मला जेवण जायचं नाही. वाटायचं, याला काय कमी आहे?"

मी म्हणालो, "खोटं बोलतोस."

"मी दुसरं काय शिकलोय?" तो म्हणाला. "पण हे खरं आहे."

तो गेल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. मला संताप आला. चिखलात पडलो तेव्हापासून मी ज्या जागेसाठी जळलो ती जोड्यांच्या शेजारची निघाली? मग मी इतकी वर्षे काय केले? माझ्याकडे जमीन थोडी, भांडी थोडी, पण हेवा भरपूर होता आणि तो चांगल्या प्रतीचा होता. तोसुद्धा कानोजोने नेला. आणि वर तो माझ्यावर जळत होता म्हणे, ओमिनेच्या ओरडण्यावर! मला ते ऐकवेना. ते ओरडणे माझे होते.

दुसऱ्या दिवशी इसाकु आणि ओतोसे मुळे काढत होते. मी बांधावर बसून वरची ती ओळ त्यांना वाचून दाखवली. मला वाटले, इसाकु मान डोलावेल. तो अठ्ठावीस वर्षांचा आहे आणि आजवर त्याने मान डोलावण्यापलीकडे मला काही उत्तर दिलेले नाही.

तो म्हणाला, "बाबा, मला जायचंय."

"कुठे? जोड्यांपाशी? काल ऐकलं नाहीस?"

"मी मुळे विकायला किल्ल्यात जातो. काका कुठे बसतात ते मला पाच वर्षं माहीत आहे."

"मग?"

"तुम्ही तलवार बांधावर ठेवून चिखलात उतरता तेव्हा रस्त्यानं जाणारे तुम्हाला काय म्हणतात, तेही मला माहीत आहे. मला कुठेतरी आत बसायचंय, बाबा. दाराजवळ तर दाराजवळ. तिथून पुढे सरकता येईल का ते मी बघेन. इथून सरकायला जागाच नाही."

मी म्हणालो, "आणि हे घर? हे नाव? तू त्याच्या घरचा झालास की माझ्यामागे इथे कोण?"

ओतोसेने हातातला मुळा माती झटकून टोपलीत टाकला. ती नवरा वारल्यावर परत आली, त्याला आता सात वर्षे होतील. "मी काय बांधावरचा बेडूक आहे?" ती म्हणाली. "जमीन मी कसते. छप्पर मी शाकारते. घर मला द्या. मी नवरा करीन आणि तो आपलं नाव लावील. बायकोच्या घरी येऊन राहणारे नवरे मिळतात, थोडे मंद असतात एवढंच."

"कोण येईल?"

"ते मी बघते. तुम्ही बघू नका, तुम्ही त्याचाही हेवा कराल."

दोघे हसायला लागली. माझ्याच शेतात, माझ्याच मुळ्यांवर वाकून. ती दोघे आधीपासून हे बोलून बसली होती हे मला तेव्हा कळले. ज्याने चुलीवरून फौजेचा बेत ओळखला त्याला आपल्या घरातला बेत कळला नाही.

म्हणून वरची ओळ खोडली. खोडलेल्या जागी माझा ठसा आहे, दुसऱ्या कोणी खोडली असे म्हणू नये. आता पाचवे कलम असे वाचावे.

माझा मुलगा इसाकु याला माझा चुलतभाऊ ओकुसावा कानोजो याच्या घरी दत्तक जाण्यास माझी संमती आहे. कानोजोच्या हयातीत, म्हणजे लवकर, ही नोंद व्हावी. माझ्या मरणासाठी थांबू नये. लांब तलवार इसाकुने न्यावी. तिची मूठ नव्याने बांधून घ्यावी, चिखल आत गेला आहे. मी त्याला ऐकण्याचे, पाहण्याचे जे शिकवले ते त्याने किल्ल्यात विसरू नये, पण फळ्यांखाली पडून ऐकायला सांगितले तर आधी खोकला असल्याचे सांगून पाहावे.

घर, दोन्ही वाफे, आखूड तलवार, नांगर आणि ओकुसावा हे नाव इथे कुरिदानीत ओतोसेचे. ती ज्याला नवरा करील त्याने हे नाव लावावे. तो उंच नसावा, छप्पर कमी आहे.

कानोजोला काय द्यावे याचा मी बरेच दिवस विचार केला. मुलगा दिला, आणखी काही देणार नाही. पण तो माझ्याआधी गेला तर मी त्याच्या दुखवट्याला जाईन, गुडघा दुखला तरी. आणि तो माझ्यामागे राहिला तर त्याने माझ्या दुखवट्याला यावे आणि सगळ्यात पुढे बसावे. ओतोसेने त्याला दाराजवळ बसू देऊ नये. तो मोठा आहे.

शेवटचे. इसाकु निघेल त्या दिवशी त्याचे नवे कपडे असतील, कमरेला तलवार असेल आणि डोक्यावरच्या केसांची गाठ तेल लावून नीट बांधलेली असेल. तो वाटेला लागला की शेतकरी बाजूला होतील. त्या दिवशी मी जिवंत असलो तर मला दारात आणून बसवू नये. आजवर माझ्या तोंडावरून मनातले कोणाला ओळखता आलेले नाही, पण आता वय झाले आहे आणि माझा भरवसा नाही. माझ्या मुलाचा मला हेवा वाटेल, तो त्याला दिसेल, आणि तो दिसत असताना त्याने मला नमस्कार करावा हे मला सहन होणार नाही. मी आतल्या खोलीत असेन. त्याने विचारले तर ओतोसेने सांगावे की बाबा झोपले आहेत.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला. र्योनेन गुरुजींनी तो मला मोठ्याने वाचून दाखवला आणि मी तो ऐकला. डाव्या हाताच्या अंगठ्याच्या रक्ताचा ठसा खाली उमटवला आहे.

ओकुसावा जिनपेई

साक्षीदार:
र्योनेन, कुरिदानीचे देऊळ
गोहेई, शेजारी (शिडीचे कलम सोडून बाकी सर्व मान्य)

मुक्काम कुरिदानी, इगा प्रांत
कानबुन शकाचे सहावे वर्ष, दहावा महिना, मुळे काढून झाल्यावर